स्क्रीन नेमकी कधी काळी होते? जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकताना येणारे डिस्प्लेचे प्रॉब्लेम

आधी लक्षणं सांगतो, तुमचं ह्यातलं कुठलं ते बघा.

पेनड्राइव्हवरून बूट केलं, मेनू आला, एंटर मारला आणि स्क्रीन काळी. फॅन फिरतोय, कॅप्स लॉक दाबला की त्याचा दिवा लागतो, म्हणजे मशीन जिवंत आहे.

इन्स्टॉल नीट पार पडलं, पहिल्या रीस्टार्टला लोगो दिसला आणि त्यानंतर काहीच नाही.

स्क्रीन चालू आहे पण सगळं मोठं मोठं आणि धूसर, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ला अडकलंय आणि बदलायला गेलं तर यादीत दुसरा पर्यायच नाही.

ब्राइटनेसची बटणं मेली, एकतर डोळे दुखतील एवढा उजेड नाहीतर काळोख.

झाकण बंद करून परत उघडलं की काळी, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.

लुकलुकते, रेषा येतात, किंवा टीव्हीला एचडीएमआय लावली तर ओळखतच नाही.

मी गोव्यात डिचोलीला राहतो, नोकरी वेगळी आहे, पण संध्याकाळी घरी टेबलावर कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप असतोच, नातेवाईक, शाळेतले मास्तर, भजनी मंडळ, देवळाची कमिटी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून हेच काम जास्त येतंय. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीचे जवळपास सगळे लॅपटॉप बाहेर पडले. मग लोक एकतर रुफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह करून अटी वगळून विंडोज ११ टाकतात, नाहीतर लिनक्स मिंट टाकतात, आणि दोन्हीकडे पहिला मार बसतो तो डिस्प्लेला. कारण साधं आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्क ह्यांचं काम कुठलीही सिस्टम बऱ्यापैकी ओळखते, पण ग्राफिक्स चिपला तिचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीने तो पाच-दहा वर्षांपूर्वीच करायचा सोडलेला असतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ह्याच टप्प्यावर लोक चांगला लॅपटॉप भंगारात देतात किंवा गरज नसताना नवीन पॅनल बसवून घेतात. ते होऊ नये म्हणून हे लिहितोय. खालचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून सुरू होतो, कृपा करून उडी मारून खाली जाऊ नका.

पहिला प्रश्न: कधी?

स्क्रीन "जाते" एवढं सांगून कोणालाच काही कळत नाही, नेमकी कुठल्या क्षणी जाते ते कळलं की अर्धं काम झालं. लॅपटॉप चालू करून लगेच एफ २ किंवा डिलीट किंवा एस्केप, तुमच्या मॉडेलला जे असेल ते, दाबत बायोसच्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मूळ सेटिंगच्या, पानावर जा आणि तिथेच पंधरा मिनिटं ठेवा. बायोसमध्ये विंडोज नाही, लिनक्स नाही, कुठलाही ड्रायव्हर नाही. तिथेही रेषा येत असतील, लुकलुकत असेल, अर्धी स्क्रीन पांढरी होत असेल तर दोष सिस्टमचा नाही आणि तुम्ही दहा वेळा फॉरमॅट मारलं तरी काही फरक पडणार नाही. बायोसमध्ये असतानाच झाकण हळूहळू पुढे-मागे करून बघा. एका ठरावीक कोनात चित्र जात असेल तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल सैल झालीय किंवा तुटत आलीय.

माझ्या आतेबहिणीच्या मुलाने चवथीच्या सुट्टीत तीन वेळा इन्स्टॉल केलं, दोन वेळा विंडोज आणि एकदा लिनक्स, दरवेळी "इन्स्टॉल करताना स्क्रीन लुकलुकते" म्हणून परत पहिल्यापासून. माझ्याकडे आणला तेव्हा बायोसमध्ये झाकण हलवलं तर तिथेच लुकलुकली. केबल होती. आणि ह्या तीन इन्स्टॉलमध्ये त्याचे बारावीचे सगळे फोटो गेले, ते मला अजून लागतं.

म्हणून इथेच सांगतो, डेटाची कॉपी बाहेर काढल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका. स्क्रीन काळी असली तरी डिस्क चांगली असते, टीव्हीला जोडून किंवा डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा निघतो.

टॉर्च, बटणं आणि टीव्ही

बायोसच दिसत नसेल, किंवा सिस्टममध्ये गेल्यावर काळी होत असेल, तर खोलीतला लाइट बंद करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. अगदी फिकट चित्र, माउसचा बाण, लोगो असं काही दिसलं तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट बंद आहे. ब्राइटनेसची बटणं दाबून बघा, कारण नवीन सिस्टम टाकल्यावर ब्राइटनेस शून्यावर जाऊन बसण्याचा प्रकार मी खूपदा बघितलाय. टॉर्चमध्येही काही नाही दिसलं तर टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. टीव्हीवर चित्र आलं आणि लॅपटॉपवर नाही, तर विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, कधी कधी मशीन "फक्त दुसरी स्क्रीन" मोडमध्ये अडकलेलं असतं.

विंडोजवाल्यांनी अजून एक करायचं: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम. ह्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बीप येतो आणि नशीब असेल तर चित्र परत येतं. आलं तर समजायचं की ड्रायव्हर अडखळतोय, पॅनल चांगलं आहे.

पावसाळा मध्ये आणायलाच लागतो

हे घाटावरच्या लोकांना एवढं भोगावं लागत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना, चपलांना, पुस्तकांना बुरशी येते, मग कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपच्या आतल्या पितळी-सोनेरी टोकांचं काय होत असेल. पेडण्याकडे समुद्राजवळ घर असेल तर वरून खारी हवा. जुना लॅपटॉप वर्षभर पडून होता, आता विंडोज ११ टाकायला बाहेर काढला आणि स्क्रीन काळी, ह्यात सिस्टमचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

करायचं काय: चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट जातो. एक दिवस पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवा. मग खालचं रॅमचं झाकण उघडून रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी टोकांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण फुंकून टाका, परत खटकन बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. रॅमचा संपर्क सुटला तरी स्क्रीन काळीच दिसते, आणि लोक तिला डिस्प्लेचा दोष समजतात. गंज काढायला स्वयंपाकघरातलं तेल, किंवा दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे आत मारू नका, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, आणि पूर्ण सुकल्यावरच चालू.

पेनड्राइव्ह

ह्यात फार वेळ घालवत नाही. आयएसओ फाइल (सिस्टमची इन्स्टॉल करायची फाइल) अर्धवट डाउनलोड झालेली असते किंवा पेनड्राइव्ह खराब असतो, तेव्हा मध्येच काळी होते आणि दोष ग्राफिक्सवर जातो. चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते दाखवणारा, साइटवर दिलेला आकडा) जुळवा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर परत लिहा. बायोसमध्ये यूईएफआय (नवा) आणि लेगसी (जुना) असे बूट करायचे दोन मोड असतील तर एकदा एकात आणि एकदा दुसऱ्यात बूट करून बघा, २०१२ च्या आसपासच्या काही मशीनना एकाच मोडमध्ये चित्र नीट येतं. फक्त हे इन्स्टॉल करायच्या आधी ठरवा, नंतर मोड बदलला तर सिस्टम बूटच होणार नाही.

लिनक्स: आधी लाइव्ह चालवा

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालतं, ही सगळ्यात मोठी सोय आहे आणि लोक ती वापरत नाहीत, मेनू आला की सरळ इन्स्टॉल. अर्धा तास लाइव्ह चालवा. ब्राइटनेस बदलून बघा, झाकण बंद करून उघडा, टीव्ही जोडा, व्हिडिओ लावा. जे लाइव्हमध्ये चालतं ते सहसा इन्स्टॉल झाल्यावरही चालतं.

लाइव्हच काळं होत असेल तर परत बूट करा आणि मेनूत "कम्पॅटिबिलिटी मोड" असतो तो निवडा. किंवा पहिल्या ओळीवर थांबून इंग्रजी ई दाबा, लिनक्स ह्या शब्दाने सुरू होणारी ओळ येते, तिच्या शेवटी "क्वाएट स्प्लॅश" असे दोन शब्द असतात, ते खोडून तिथे नो, मोड, सेट हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता स्मॉल अक्षरांत लिहा आणि एफ १० दाबा.

हे का चालतं ते समजून घ्या म्हणजे पुढे चुकणार नाही. मशीन चालू झाल्यावर बायोस एक साधं चित्र दाखवतो. मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ते चित्र स्वतःच्या ड्रायव्हरकडे घेतो, आणि ड्रायव्हर चिपला नीट ओळखत नसेल तर नेमक्या त्या हस्तांतरात स्क्रीन काळी होते. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की बाबा, तू चित्राला हात लावू नकोस, बायोसने दिलंय तेच ठेव. म्हणून चित्र येतं, पण साधं येतं: रिझोल्यूशन कमी, ब्राइटनेस नाही, झोपवून उठवणं नाही. ही आत शिरायची वाट आहे, तिथे कायम राहायचं नाही. खूप लोक नोमोडसेट कायमचं ठेवतात आणि मग "लिनक्स स्लो आहे" म्हणतात. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटला परत हेच करायला लागेल (मेनू दिसत नसेल तर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर एस्केप), आत गेलं की अपडेट मारा, मग "ड्रायव्हर मॅनेजर" उघडा आणि तो जो सुचवतो तो ड्रायव्हर टाका. पुढच्या बूटला नोमोडसेटशिवाय.

एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स चिप असलेल्यांसाठी जरा जास्त. तिच्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपसाठी ३९० नंबरचा हा शेवटचा ड्रायव्हर, त्यानंतरच्या केप्लर पिढीसाठी ४७०, आणि एनव्हिडियाने पहिल्याचा सपोर्ट २०२२ मध्ये आणि दुसऱ्याचा २०२४ मध्ये थांबवला. त्यामुळे कर्नल जेवढा नवीन तेवढं जुळवणं कठीण. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर माझं स्पष्ट मत आहे: एनव्हिडियाचा नाद सोडा, इंटेलवर चालवा. आतली स्क्रीन बहुतेक वेळा इंटेललाच जोडलेली असते आणि इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. फक्त काही मॉडेलमध्ये एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाकडून निघतं, टीव्ही ओळखत नाही त्याचं कारण ते असू शकतं.

बायोसमध्ये सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच लोड होऊ देणारी सोय) चालू असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारतो आणि पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते. ती बघून घाबरून लोक "कंटिन्यू" दाबतात. तिथे "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, नाहीतर ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही आणि तुम्ही आपले परत परत टाकत बसता.

अजून एक विचित्र प्रकार, साधारण २००७-०८ च्या इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर. रिझोल्यूशन कमी आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये एक दुसरा मॉनिटर दिसतो जो घरात अस्तित्वातच नाही. टीव्ही जोडायच्या जुन्या एस-व्हिडिओ पोर्टला काहीतरी जोडलंय असा कर्नलचा समज होतो. सेटिंगमध्ये तो मॉनिटर बंद केला की रिझोल्यूशन जागेवर येतं. वाळपईच्या एका मास्तरांचा लॅपटॉप ह्या एका टिकमार्कमुळे वर्षभर वापराविना पडून होता.

ब्राइटनेस चालत नसेल तर त्याच बूटच्या ओळीत एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह आणि नेटिव्ह असं स्मॉल अक्षरांत जोडून बघा, नाही चालला तर नेटिव्हच्या जागी व्हेंडर, मग व्हिडिओ. इंटेलवर चित्र अधूनमधून लुकलुकत असेल आणि बायोसमध्ये लुकलुकत नसेल, तर आय ९१५ डॉट एनेबल अंडरस्कोर पीएसआर बरोबर शून्य हे त्याच ओळीत जोडा. वीज वाचवायला पॅनल स्वतःच चित्र धरून ठेवतं, त्या सोयीमुळे काही पॅनल लुकलुकतात, ह्याने ती बंद होते. इथे लिहिलेलं फक्त त्या एका बूटपुरतं असतं, म्हणून बिनधास्त करून बघा, चुकलं तर रीस्टार्ट. जमलं तरच ग्रबच्या (बूटचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) सेटिंग फाइलमध्ये कायमचं लिहा आणि अपडेट-ग्रब ही कमांड चालवा.

झाकण उघडल्यावर काळी होत असेल तर अपडेट मॅनेजरमध्ये "लिनक्स कर्नल्स" म्हणून पर्याय आहे, तिथून दुसरा कर्नल घेऊन बघा. जुना कर्नल मशीनवर राहतोच, त्यामुळे परत फिरता येतं.

विंडोज ११: ड्रायव्हर आलाय का ते बघा

रुफसने अटी वगळता येतात, ड्रायव्हर काही त्यातून येत नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर" लिहिलेलं दिसलं की निदान झालं. रिझोल्यूशन अडकणं, ब्राइटनेसची पट्टी गायब, मेनूतून "स्लीप" गायब, व्हिडिओ अडखळणं, हे सगळं त्या एका ओळीमुळे.

आधी नेट जोडा आणि विंडोज अपडेटमध्ये "ऑप्शनल अपडेट्स" उघडून ड्रायव्हर बघा. दोनदा रीस्टार्ट करून वाट बघा, जुन्या इंटेल एचडी चिपचे ड्रायव्हर बऱ्याचदा इथूनच येतात. नाही आले तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा विंडोज १० चा चौसष्ट बिटचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, तोही नसेल तर ८.१ चा. सेटअप "हे मशीन चालणार नाही" म्हणाला तर फाइल एका फोल्डरमध्ये उघडा, डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ, हॅव्ह डिस्क, आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल दाखवा. ड्रायव्हर टाकल्यावर काळी झाली तर बूट होताना दोन-तीन वेळा पॉवर बंद करा, रिकव्हरीचं पान येतं, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढा. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" देणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांनी बिघडवलेली मशीन सरळ करायला मला जास्त वेळ लागतो.

कोअर टू डुओ हा जुना इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ चा विषयच सोडा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी नावाची प्रोसेसरची एक सूचना सक्तीची झाली, ती ह्या प्रोसेसरमध्ये नाही, बूटच होत नाही. काही जुन्या अ‍ॅटम नेटबुकमधल्या जीएमए ३६०० ग्राफिक्स चिपचीही अडचण आहे, लिनक्समध्ये चित्र येतं पण थ्रीडीचा वेग कधीच येत नाही. भजनाचे शब्द दाखवायला, टायपिंगला चालतील, व्हिडिओला नाही.

इथे थांबा

टचपॅड वर उचललेला दिसतोय, खालचं झाकण फुगलंय: बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, चालू करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. आजच दुकानात.

टॉर्चमध्ये चित्र दिसतंय आणि बायोसमध्येही उजेड नाही: बॅकलाइट, केबल किंवा बोर्डावरचा फ्यूज. पॅनल स्वतः उघडू नका. त्या केबलमधून बॅकलाइटचा करंट जातो, बॅटरी जोडलेली असताना ती काढली-घातली तर चांगला फ्यूजही उडतो आणि केबलचं काम बोर्डाचं होतं.

बायोस अपडेट करायचाय आणि बॅटरी मेलेली आहे: करू नका. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मध्येच गेली तर बोर्ड बंद.

बायोसमध्येच चौकटी-चौकटी, रंगीत ठिपके, आणि टीव्हीवरही तसेच: ग्राफिक्स चिप गेलीय. "चिप गरम करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, काही आठवडे चालतं आणि परत तेच. आधी डेटा काढून घ्या, मग नवीन बोर्ड परवडतो का ते विचारा.

आणि दुकानात नेताना कागदावर लिहून न्या: मॉडेल नंबर, ग्राफिक्स चिपचं नाव, बायोसमध्ये काय दिसतं, टॉर्चमध्ये काय दिसतं, टीव्हीवर काय दिसतं, झाकण हलवल्यावर काय होतं. आणि सर्वात वर, मोठ्या अक्षरात: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.